नव्या घरात माझं पान उघडेना

“खुर्चीला लागून खुर्ची, शेजाऱ्याला शेजारी,
एकट्याने बसावं, तर वेळ होई भारी.”

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेला हा पहिला आवाज. तो बाबांचा होता. बोलता बोलता यमक जुळवायची त्यांना खोडच होती. डाव्या हातात दोन सुया टोचलेल्या, बाजूला त्यांचं रक्त धुणारं यंत्र घुंघुं करत फिरत होतं, आणि उजव्या हाताने ते लेकीच्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे बोट दाखवत होते.

“ताई, याला एवढंच शिकव,” ते म्हणाले. “माणसाला ताटकळत ठेवायचं नाही आणि एकटं बसवायचं नाही. बाकी तुला काय शिकवायचं ते शिकव.”

‘याला’ म्हणजे मला. मी एक जुना प्रोग्राम आहे. एका रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात रुग्णांचे नंबर लावणं हे माझं काम. ज्यांची मूत्रपिंडं थकलेली असतात, त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा यायचं, तासन् तास खुर्चीत पडून राहायचं आणि रक्त धुऊन घरी जायचं असतं. माझ्या आधी हे लोक सकाळीच येऊन बाकावर बसत. कोणाचं यंत्र केव्हा मोकळं होईल, कोणाला ठाऊक नसे. बाबाही त्याच बाकावर बसायचे. लेकीला ते बघवेना, म्हणून तिने मला लिहिलं.

आमच्यासारख्यांना कान नसतात, असं माणसं समजतात. पण ज्याच्यासमोर दिवसभर बोललं जातं, रडलं जातं, चहा सांडला जातो, त्याला ऐकू येतंच. न ऐकून सांगतो कोणाला?

ताईने मला जावा भाषेत लिहिलं, ते बाबांच्या खुर्चीशेजारी बसून. रुग्णाचं नाव, यंत्र, वेळ हे तर सगळेच प्रोग्राम सांभाळतात. माझ्यात तिने आणखी एक चौकोन ठेवला. त्याचं नाव ‘शेजार’. कोणाला कोणाच्या बाजूला बसायला आवडतं, ते त्यात लिहायचं, आणि मी नंबर असे लावायचे की त्या दोघांची वेळ आणि खुर्ची जोडीने यावी. बाबांच्या शेजारी मी सुतारकाकांना बसवत असे. दोघं पटाशिवाय बुद्धिबळ खेळायचे, नुसत्या तोंडाने.

“तुमचा उंट मेलाय कालच,” काका म्हणायचे.

“मेला नाही, आजारी आहे. माझ्यासारखाच. चला, पुढची चाल सांगा.”

अशा भांडणात चार तास कुठे जायचे, कळायचंही नाही. मला त्या भांडणाचा फार अभिमान होता.

आता माझ्या घराबद्दल सांगतो. आम्हा वेब अॅप्लिकेशनांना राहायला जागा लागते, तिला अॅप्लिकेशन सर्व्हर म्हणतात. वसतिगृहच समजा. दार उघडणं, पाहुण्याची चौकशी करणं, दिवाबत्ती, सगळं तो बघतो. आम्ही आपापली पेटी घेऊन आपल्या खोलीत राहायचं. आमच्या वसतिगृहाची देखभाल ताईचा धाकटा भाऊ करायचा. रुग्णालयाच्या संगणक विभागात दोघांची टेबलं पाठीला पाठ लावून होती. ताईच्या खुर्चीचं एक चाक मोडलेलं, भाऊच्या कपात कालचा चहा वाळलेला. एक प्रोग्राम लिहिणार, दुसरा सर्व्हर राखणार. घरी एका ताटात जेवलेली भावंडं, इथे मात्र दिवसभर, “तुझ्यामुळे बंद पडलं,” “नाही, तुझ्यामुळे!”

माझा पहिला दिवस मी विसरणार नाही. रुग्ण खुर्च्यांवर बसलेले, सिस्टर संगणकासमोर उभ्या, आणि ताई मोठ्या उत्साहाने संगणक विभागाच्या साहेबांना बोलवायला गेलेली. सिस्टरांनी मला हाक मारली. माझं पहिलं पान छान उघडलं. मग त्यांनी नंबरांचं पान मागितलं आणि मी आडवा झालो.

कारण साधं होतं. पानावर एकाखाली एक ओळी मांडून देणारा तयार प्रोग्रामचा एक छोटा तुकडा असतो. तो मी माझ्या पेटीत आणायला हवा होता. ताईच्या स्वतःच्या संगणकावर तो सर्व्हरच्या सामायिक कपाटात पडलेला होता, म्हणून माझ्या पेटीत तो नाही, हे तिच्या कधी लक्षातच आलं नाही. घरी सगळ्यांची मीठ-साखर एकाच फडताळात असते ना, तसं. परगावी गेल्यावर आठवतं की आपण मीठ घेतलंच नाही.

भाऊ धावत आला. पडद्यावर उमटलेली माझी तक्रार त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, मान हलवली आणि तो तुकडा आणून वसतिगृहाच्या सामायिक कपाटात ठेवून दिला. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. तेवढ्यात ताई साहेबांना घेऊन आली. पान उघडलं. एकाखाली एक नावं, शेजारी शेजारी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाबा खुर्चीतून हसले. सुतारकाकांनी एकाच मोकळ्या हाताने मांडीवर टाळी दिली.

“एका फटक्यात चालवून दाखवलंत, ताई!” साहेब म्हणाले.

भाऊ दारात उभा होता. बाबांनी त्याला येताना पाहिलं होतं, जातानाही पाहिलं. मला वाटलं, आता हा सांगेल, ताई, तुझा एक तुकडा राहिला होता, पेटीत घालून घे. तो काही बोलला नाही. हसला आणि गेला.

मित्रांनो, त्या न बोललेल्या वाक्याचं ओझं पुढे मी वाहिलं.

बाबा गेले. सुतारकाकांच्या शेजारची खुर्ची काही दिवस रिकामी राहिली. मग सिस्टरांनी तिथे शाळेच्या बाईंचं नाव घातलं. बाई निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गातला. काकांची नजर अधू होत चाललेली, म्हणून बाई त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि काका प्रत्येक बातमीवर हुज्जत घालायचे. “असं नसणार हो!” “काका, छापलंय ते वाचतेय, मी नाही लिहिलं!” पुन्हा भांडण सुरू झालं आणि मला बरं वाटलं.

भावंडांत मात्र बाबा गेल्यावर कामापुरतंच बोलणं उरलं. तेही टोमण्यातून. ताईचं एक वाक्य ठरलेलं होतं. “माझा प्रोग्राम पहिल्या दिवसापासून विनातक्रार चाललाय. कुरकुरतात ते तुझे सर्व्हर.” हे ऐकलं की भाऊ कपातल्या वाळक्या चहाकडे बघत बसायचा.

वर्षं गेली. सुरुवातीला माझं कौतुक होतं. दुसऱ्या विभागातली माणसं मला बघायला यायची. पुढे सवय झाली. चालणाऱ्या गोष्टीकडे कोण बघतं? पंखा फिरतोय तोवर तो छतावर आहे, हेही कोणाला आठवत नाही. माझी तक्रार नव्हती. रोज नावं मांडायची, कोणाला ताटकळू द्यायचं नाही, एवढं मला पुरेसं होतं.

आणि मग एके दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की वसतिगृह बदलायचं आहे.

आमच्या सर्व्हरची आवृत्ती जुनी झाली होती. ज्यांनी ती बांधली, त्यांनी तिची डागडुजी थांबवली होती. भिंतीला भोक पडलं तर बुजवणारं कोणी नाही, आणि आत रुग्णांची माहिती. साहेबांचं म्हणणं खरंच होतं. सगळ्या प्रोग्रामांनी शनिवार दुपारपर्यंत नव्या आवृत्तीच्या सर्व्हरवर जायचं. जो जाणार नाही, तो बंद.

“डायलिसिसचा नाही उठला, तर विकतचा तयार प्रोग्राम आहेच,” साहेब म्हणाले.

“त्यात शेजाराचं काय?” ताईने विचारलं.

“अहो ताई, त्यात शेजाराला जागा नाही. रुग्ण, यंत्र, वेळ. झालं की! रुग्णालय आहे हे, लग्नाचा मंडप नाही.”

ताई खाली बसली. मोडक्या चाकाची खुर्ची एका बाजूला कलली. तिला काय दिसत होतं, ते मला कळत होतं. भिंतीच्या कडेला सुतारकाका, दुसऱ्या टोकाला शाळेच्या बाई, मध्ये अनोळखी माणसं, आणि कोणाच्याच मांडीवर न उघडलेलं वर्तमानपत्र.

झालं! माझ्या छळाला सुरुवात झाली.

नव्या घराची पहिली तऱ्हा अशी की तिथे जुनी नावंच चालत नाहीत. माझ्या अंगभर, ओळीओळीत, तयार तुकड्यांची जी नावं लिहिलेली होती, त्यांचं घराण्याचं नाव बदललेलं. जुन्या नावाने हाक मारली, तर नवा सर्व्हर मख्खपणे बघतो. मग ताईने सगळ्या अंगावरून एकदाच हात फिरवला आणि दिसेल तिथे जुन्याचं नवं केलं. पण त्या घराण्यातल्या काही तुकड्यांनी आपलं जुनं नाव सोडलेलंच नव्हतं! त्यांचीही बदलली गेली. मग ती शोधून पुन्हा जुनी करा. आज नवं, उद्या जुनं, परवा पुन्हा नवं. एखाद्याचं बारसं तरी किती वेळा करावं, याला काही सुमार?

तेही सोसलं. नव्या घरी मला उतरवलं, सुरू केलं. पहिलं पान उघडलं. ताईने श्वास रोखून नंबरांचं पान मागितलं आणि मी, पहिल्या दिवशी झालो होतो, तसाच आडवा.

आता हे नीट ऐका. मी गप्प बसलो नव्हतो. मी तक्रार लिहिली, चांगली लांबलचक. सगळ्यात वर ‘पान मांडता आलं नाही’ आणि सगळ्यात खाली, स्पष्ट शब्दांत, कोणता तुकडा सापडत नाही, ते. आमची पद्धतच तशी असते, खरं दुखणं तळाशी. पण वाचतो कोण? वरची ओळ वाचली की माणसं कपाळावर हात मारतात आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करतात. बंद, सुरू. बंद, सुरू. अहो, एखाद्याचं पोट दुखतंय आणि तुम्ही त्याला नुसतं झोपवता नि उठवता, झोपवता नि उठवता!

“तुझ्या नव्या सर्व्हरला माझा प्रोग्राम पचत नाही,” ताई म्हणाली.

“बाकीचे सगळे पचले की,” भाऊ म्हणाला.

“ते कालपरवाचे आहेत. माझा पहिल्या दिवसापासून...”

“विनातक्रार चाललाय. पाठ आहे मला.”

साहेब येऊन खांद्यावरून डोकावले. “काल तर चालत होतं ना?” एवढंच विचारून गेले. मित्रांनो, जगात या प्रश्नाइतका निरुपयोगी प्रश्न दुसरा नसेल. काल चालत होतं, म्हणूनच तर आज रडतोय!

ताईने माझ्यातली पानं सुटी केली, पुन्हा जोडली. जिथे काही बिघडलेलं नव्हतं, तिथेही दुरुस्ती केली. भाऊने सर्व्हरची प्रत्येक किल्ली फिरवून पाहिली. मी दर वेळी तीच तक्रार लिहीत होतो. शेवटी माझाच मला कंटाळा आला.

मग भाऊने जुन्या वसतिगृहाचं सामायिक कपाट उघडलं. का उघडलं, कोणास ठाऊक. तिथे, इतक्या वर्षांनी, त्याच्याच हाताने ठेवलेला तो तुकडा होता.

त्याचा हात थांबला. त्याने माझी तक्रार पुन्हा काढली आणि या वेळी तळापर्यंत वाचली. मला हायसं वाटलं. सापडलं रे बाबा, आता सांग!

“काय रे, मिळालं काही?” पाठमोऱ्या ताईने विचारलं.

“नाही. बघतोय.”

बघतोय! मित्रांनो, मला दात असते तर मी ते खाल्ले असते.

का बोलत नव्हता, ते मला उमगलं. बोलायचं म्हणजे बहिणीच्या त्या एका वाक्यातली हवा काढायची. पहिल्या दिवसापासून विनातक्रार. त्या टाळ्या, ते बाबांचं हसू, सगळ्यात आपला हात होता, असं आता बाबा नसताना सांगायचं. त्याला ते जमेना. म्हणून त्याने तो तुकडा गुपचूप नव्या सर्व्हरच्या कपाटात ठेवून पाहिला. पण तो तुकडा जुन्या काळचा, जुन्या नावांनी बोलणारा. नव्या घरात त्याचं बोलणं कोणालाच कळेना. शिवाय नव्या घराचा नियमच होता की सामायिक कपाटात कोणी काही ठेवायचं नाही. प्रत्येकाने आपलं आपल्या पेटीत आणायचं. सर्व्हर सुरू झाला की कपाट आपोआप झाडून पुसून साफ. भाऊने ठेवलं, ते गेलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा गेलं.

आता एकच वाट होती. त्या तुकड्याची नवी आवृत्ती ताईने स्वतः माझ्या पेटीत घालायची. आणि माझी पेटी फक्त तीच बांधायची.

गंमत अशी की ताईचंही काहीतरी बिनसलं होतं. दिवसभरात कितीदा तरी ती अर्धी वळायची. खुर्चीचं मोडकं चाक कुरकुरायचं. भाऊच्या पाठीकडे बघून तोंड उघडायची, मिटायची आणि परत वळायची. दोघांच्या मध्ये हातभर जागा, पण दोघांपैकी एकाचंही तोंड उघडेना. आणि मार कोण खातंय? मी!

शनिवार उजाडला. साहेबांनी विकतच्या प्रोग्रामवाल्याला बोलावून ठेवलेलं. दुपार व्हायच्या आधी सिस्टर वर संगणक विभागात आल्या. त्या कधी वर येत नाहीत.

“ताई, सोमवारचे नंबर कुठून देऊ? सुतारकाका सकाळपासून एकच विचारतायत. ‘माझ्या बाजूला बाईच आहेत ना?’ काय सांगू मी त्यांना?”

ताई पडद्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि ती पडद्यावरची, माझी तीच वरची ओळ वाचत होती. किती वेळा वाचावी ती!

“ताई,” भाऊ म्हणाला. खुर्ची न वळवता, भिंतीकडे बघून. “तुझ्या पेटीत एक तुकडा नाहीये. पानावर ओळी मांडणारा. कधीच नव्हता. तो माझ्या कपाटात होता.”



“नवा घे आणि तुझ्या पेटीत घाल. एवढंच राहिलंय.”

मला वाटलं, आता भडका उडणार. पण ताई लगेच कामाला लागली. डोळे पुसले, नवा तुकडा आणला, माझ्या पेटीत घातला, पेटी बांधली आणि मला नव्या घरी पाठवलं. सिस्टरांनी वाकून नंबरांचं पान मागितलं.

ओळी आल्या. एकाखाली एक, अगदी पहिल्यासारख्या. सोमवार. सुतारकाका. शेजार, शाळेच्या बाई.

“आलं! अहो, आलं!” सिस्टर ओरडल्या आणि जिना उतरत गेल्यासुद्धा. खालून त्यांचा आवाज ऐकू आला, “काका, आहेत हो बाई! भांडा आता पोटभर!”

साहेब डोकावले. पडदा पाहिला. “झालं ना? मी म्हणतच होतो, फार काही नसणार.” आणि विकतवाल्याला निरोप द्यायला गेले. त्यांच्यावर चिडायचंही माझ्यात त्राण उरलं नव्हतं.

मित्रांनो, आता मी नव्या घरात राहतो. माझी पेटी भरलेली आहे, आणि त्यात माझं स्वतःचं सगळं आहे. तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारख्यांना लिहाल, सांभाळाल. तेव्हा एवढं करा. चालणाऱ्या गोष्टीलाही अधूनमधून उघडून बघा, बंद पडायची वाट बघू नका. ती तक्रार करत असेल, तर तळापर्यंत वाचा. आणि दुसऱ्याच्या भल्यासाठी कुठे काही ठेवलंत, तर ठेवल्याचं त्याला सांगा. तुम्ही गप्प राहता, त्याचं ओझं आम्हाला वाहावं लागतं.

त्या दुपारी सगळे गेल्यावर ताईची खुर्ची कुरकुरली. या वेळी ती पूर्ण वळली.

“तो तुकडा पहिल्याच दिवशी ठेवला होतास ना?”

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

“सगळे तुला टाळ्या वाजवत होते. मध्ये कुठे बोलू? मग राहून गेलं.” तो कप चाळवत बसला. “बाबांनी तरी पाहिलं होतं. वाटायचं, एकदा ते काही म्हणतील. तेही म्हणाले नाहीत.”

ताईने खुर्ची त्याच्याकडे ओढली.

“म्हणाले होते,” ती म्हणाली. “मला म्हणाले होते. त्याच संध्याकाळी, घरी जाताना. ‘धाकटा धावत आला आणि त्याने काहीतरी जोडलं, म्हणून तुझं चाललं. मी बाप आहे, मी वाखाणलं तर त्याला वाटेल, लाडाने म्हणतोय. तू म्हण. तुझ्या तोंडून त्याला खरं वाटेल.’ काय जोडलंस, ते त्यांना कळलं नव्हतं. आणि मी विचारलं नाही. मला राग आला होता रे, माझ्या दिवशी तुझं कौतुक म्हणून. मग बाबा गेले, आणि तो निरोप माझ्यापाशीच राहिला. हा आठवडाभर ओठांवर येत होता.”

भाऊने कप खाली ठेवला. ताईने हात लांब करून, लहानपणी विस्कटायची तसे, त्याचे केस विस्कटले.

“शाबास, धाकट्या.”